दिवाणजीचा उजवा पंख

शालनने चौतीस वर्षं एक गुपित पोटात ठेवलं होतं. ते बाहेर पडलं आणि बाराव्या दिवशी वनखात्यातून फोन आला.

फोनवरचा माणूस सभ्य होता, हीच खरी पंचाईत. तो खेकसला असता तर शालनही खेकसली असती. बंगळुरूच्या शिवाजीनगरात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला तेवढं येतंच. पण तो कन्नडमध्ये शांतपणे म्हणाला, "अम्मा, मी पद्मनाभ, वनखात्यातून बोलतोय. तुमच्या पहाडी पोपटाचा व्हिडिओ बघितला. आमच्याकडे तक्रार आलीय. उद्या सकाळी अकराला येतो, तोवर पिंजरा कुठं हलवू नका." शालन "सरी", म्हणजे बरं, म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण सगळं कबूल करून बसलो.

ज्याच्यामुळे हे चाललं होतं तो व्हरांड्यातल्या पिंजऱ्यात बसून हिरवी मिरची फोडत होता. बिया तेवढ्या खायच्या आणि साल खालच्या मजल्यावरच्या चंद्राबाईच्या फुलांच्या टोपलीत टाकायची, हा त्याचा रोजचा उद्योग.

त्याचं नाव दिवाणजी. बंगळुरूत पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही हे नाव विचारा, तो आधी हसेल आणि मग त्या पोपटाची नक्कल करून दाखवेल. दर बुधवारी संध्याकाळी दूरदर्शनवर एक कन्नड मालिका लागायची. एक भोळसट वकील, त्याची कचेरी, आणि वकिलाला जे सुचत नाही ते सुचवणारा त्याचा पोपट, एवढाच मामला. वकील झालेला नट लोक केव्हाच विसरले. पोपट मात्र कुणी विसरलं नाही. शेवटी नावांची पाटी सरकायची, तिच्यात लिहिलेलं असायचं, 'दिवाणजी: स्वतः'.

त्या पोपटाला तयार केला होता शालनच्या नवऱ्याने, परसूने. आणि त्याचा आवाज होता शालनचा. निपाणीहून लग्न होऊन आलेल्या शालनचं कन्नड बेळगावी वळणाचं, ठसक्याचं. परसूला एकदा स्टुडिओत डबा द्यायला गेली असताना ती पोपटाशी बोलत होती, ते निर्मात्याने ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला माईकपुढे उभं केलं. फक्त एक अट घातली, की बाहेर कुठे बोलायचं नाही. पोपट खरंच बोलतो असं लोकांना वाटलं पाहिजे. शालनने ती अट पाळली. मालिका बंद पडली, निर्माता वारला, चार वर्षांपूर्वी परसूही गेला, तरी ती पाळतच राहिली. शेजारणी तिच्यासमोर तिच्याच आवाजाची नक्कल करायच्या आणि ही चहा ओतत गप्प बसायची.

मग अश्लेषा आली. परसूच्या पुण्यातल्या पुतण्याची ही मुलगी. कोरमंगलाला एका कंपनीत छोटे छोटे व्हिडिओ बनवायची, पीजीत राहायची आणि रविवारी आजीकडे जेवायला यायची. तिच्या कंपनीने जुन्या टीव्हीवरच्या जनावरांबद्दलच्या समजुतींची मालिका काढली होती: लोक काय समजत होते आणि खरं काय होतं. अश्लेषा जेवताना सहज म्हणाली, "आजी, इथला कुठला तरी फेमस पॅरट होता म्हणे, तो स्वतः बोलायचा. हे पॉसिबल आहे का गं?"

शालनच्या हातातला वाढण्याचा चमचा थांबला. त्रेसष्ट वर्षांची बाई, पण त्या क्षणी तिला जो मोह झाला तो अगदी पोरकट होता. आपलं नाव एकदा, फक्त एकदा, कुणीतरी घ्यावं. तिने तिथल्या तिथे दिवाणजीच्या आवाजात उत्तर दिलं आणि अश्लेषाला ठसका लागला.

व्हिडिओत चार समजुती होत्या. पोपट स्वतः बोलायचा: खोटं, आवाज शालनआजींचा. चोच हलावी म्हणून तिला चिकट गूळ लावायचे: खोटं. परसूआजोबा कॅमेऱ्याशेजारी उभे राहून रिकाम्या तोंडाने सुपारी चघळल्यासारखं करायचे आणि पोपट त्यांची नक्कल करायचा. पोपट एकच होता: खोटं, तीन होते. एक उडायला, एक नुसता बसायला आणि चोच हलवणारा खरा दिवाणजी. उडणारा एकदा दिव्यांच्या उष्णतेने दगावला, तेव्हा परसूने दुपारपर्यंत दुसरा आणला, शेपूट कातरून बेतशीर केली, गळ्याची लाल पट्टी रंगवून सारखी केली, आणि दिग्दर्शकालाही पत्ता लागला नाही. रंगाची वाटी शालननेच धरली होती. आणि चौथी समजूत, दिवाणजी केव्हाच मेला: साफ खोटं, तो शिवाजीनगरात मजेत मिरच्या खातोय. इथे दिवाणजीचा चेहरा, मागे व्हरांडा, आणि खालच्या रेडिएटरवाल्याच्या दुकानाची पाटी, नंबरासकट.

चार लाख लोकांनी ते पाहिलं. शालनला दोन दिवस जमिनीवर पाय ठेवावासा वाटला नाही.

वनखात्याच्या फोनने मात्र ती जमिनीवर आली. तिने अश्लेषाला फोन लावला.

"आजी, आय ॲम सो सॉरी," अश्लेषा रडकुंडीला आली होती. "हा पॅरट घरी ठेवणं इल्लीगल आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. मी व्हिडिओ डिलीट करायला सांगते."

"आता पुसून काय करतीस? बघणाऱ्यानं बघितलं की." शालनला तिच्यावर चिडायचं होतं, पण चीड येईना. तोंड आपण उघडलं होतं.

चंद्राबाईकडे मात्र उपाय तयार होता. "उडाला म्हणून सांग की अक्का! पिंजरा माझ्याकडं दे. टोपलीखाली झाकून ठेवते, वर शेवंती. कोण बघायला येतंय?"

शालनने खरंच पिंजरा उचलला. चार पायऱ्या उतरली असेल नसेल, दिवाणजीने अशी किंकाळी फोडली की खालचा रेडिएटरवाला हातोडी टाकून बाहेर आला. सगळी गल्ली वर बघायला लागली. शालन तशीच मागे फिरली. तिने पिंजरा पुन्हा जागेवर टांगला. गेल्या चार वर्षांत या घरात तिच्याशिवाय श्वास घेणारा दुसरा जीव हाच होता. सकाळी उठल्यावर ती त्याच्याशी बोलायची, मग त्याची चोच हलली की त्याच्या वतीनेही तीच बोलायची. आणि खरं सांगायचं तर त्याच्या आवाजात तिला जे बोलता यायचं ते स्वतःच्या आवाजात कधी जमलंच नाही. तो गेला तर आपण मुक्या होऊ, असं तिला स्पष्ट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच जिन्यावर बूट वाजले.

पद्मनाभ पस्तिशीचा, अंगाने सडपातळ. त्याने बूट बाहेर काढले, पाणी मागून प्यायला आणि पिंजऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. शालनला वाटलं, आता हा पिंजरा उचलणार. तिने नकळत पदर कमरेला खोचला.

"माझी आई याच्यासाठी स्वयंपाक टाकून बसायची," तो म्हणाला. "खरंच तोच का हा?"

"व्हय, तोच. छत्तीस वर्षांचा हाय."

"अम्मा, या जातीचा पोपट घरी ठेवणं गुन्हा आहे. तुम्हाला ठाऊक होतं?"

"आम्ही आणला तवा गल्लीत चार घरी होते, अण्णा. कुणी गुन्हा म्हटलं न्हाई."

पद्मनाभने सुस्कारा सोडला. त्याने समजावून सांगितलं, की नियमाप्रमाणे पक्षी ताब्यात घ्यायचा, तो उडण्याजोगा असला तर हळूहळू त्याला रानात सोडायचं. पण जो पक्षी इतका म्हातारा आहे, ज्याला मुळी उडताच येणार नाही, तो तिकडे नेऊन चार महिन्यांत मरायचा. "तसं असलं तर मी साहेबांना लिहीन, हा इथंच राहू दे म्हणून. ते ऐकतील असं वाटतंय. पण माझ्या शब्दावर नाही. डॉक्टरांचा कागद लागेल, की वय झालेलं आहे आणि उडू शकत नाही."

शालनच्या जिवात जीव आला. ती जवळजवळ ओरडलीच, "उडंल कसा? पंख मोडलाय त्याचा! शूटिंगमधी दिव्याचा स्टँड पडला त्याच्यावर. उजवा पंख. ह्यांनी बांबूची काडी बांधली, पर हाड वाकडं जुळलं. काढा की हाडाचा फोटो, लगेच दिसंल!"

पद्मनाभच्याही चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. "मग झालंच की काम. आत्ताच जाऊया."

जीपमध्ये पिंजरा तिने मांडीवर घेतला आणि वरून जुनं लुगडं टाकलं. रस्ताभर दिवाणजी आत गजाला चोच घासत होता. सिग्नलला जीप थांबली की तो आवाज मोठा व्हायचा, मग शालन लुगड्याखाली बोट घालायची आणि तो ते बोट हलकेच चावून धरायचा. हाडाचा फोटो म्हणजे पाच मिनिटांचं काम, अशी ती स्वतःची समजूत घालत होती. एकदा तो कागद मिळाला की देवाला नारळ आणि अश्लेषाला पुरणपोळी. मग पुन्हा वाटायचं, डॉक्टर खडूस निघाला तर?

डॉक्टर खडूस नव्हती. कोरमंगलाच्या अलीकडे जनावरांचा दवाखाना होता, तिथे वेदिका नावाची नागपूरकडची तरुण मुलगी होती. शालन पोपटाशी मराठीत पुटपुटतेय हे ऐकून ती हसली आणि मराठीतच बोलायला लागली. अश्लेषा ऑफिसमधून धावतपळत आली होती. ती बाकावर बसून नखं खात होती.

"एक्सरे काढायला याला गुंगी द्यावी लागेल, काकू," वेदिका म्हणाली. "नाहीतर हा पंख पसरून देणार नाही. तरुण पक्ष्याला काही होत नाही. पण तुम्ही म्हणता तसा हा छत्तीसचा असेल, तर..." ती थांबली. "तर धोका आहे. कधी कधी उठत नाहीत."

शालनने पिंजरा स्वतःकडे ओढला. "मग नको फोटो."

"फोटोशिवाय मला फ्रॅक्चर लिहिता येणार नाही."

ती पद्मनाभकडे वळली. त्याने नुसते हात पसरले. फोटो नाही तर कागद नाही, आणि कागद नाही तर पोपट नाही. आणि फोटो काढायचं कुणी सुचवलं होतं? हिनेच. एकदा तोंड उघडून त्याला संकटात घातला, आता दुसऱ्यांदा उघडून मारायची वेळ आली. अश्लेषाने पुढे येऊन तिचा हात धरला, "आजी, नको ना रिस्क घ्यायला," तर शालनने तो झिडकारला. मग लगेच वाईट वाटून पुन्हा धरला. शेवटी तिने संमतीच्या कागदावर सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की वेदिकाने दुसऱ्यांदा करायला लावली.

दार बंद झालं.

बाकावर बसून शालन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. पाच मिनिटं झाली, सात झाली. आतून काही आवाज येईना, आणि आवाज न येणं चांगलं की वाईट हे तिला कळेना. कुणाचं तरी मांजर टोपलीत गुरगुरत होतं. तिने मनातल्या मनात परसूला शिव्या घातल्या, की तुम्ही सुटलात आणि मला या बाकावर बसवून गेलात. मग त्यालाच विनवलं, की तुमचं पाखरू आहे, तुम्ही सांभाळा. अकरा मिनिटं झाली तेव्हा ती उभी राहिली आणि दार ठोठावणार तोच ते उघडलं.

"उठला," वेदिका म्हणाली. "छान आहे. एकदम ठणठणीत."

शालन मटकन खाली बसली आणि रडायला लागली. अश्लेषाही रडायला लागली. पद्मनाभने खिडकीबाहेर बघितलं. वेदिका मात्र हसत नव्हती.

"काकू, आत या जरा," ती म्हणाली.

पडद्यावर पांढरी नाजूक हाडं दिसत होती. वेदिकाने बोटाने आधी डावा पंख दाखवला, मग उजवा. दोन्ही सारखे. वेताच्या काडीसारखे सरळ.

"उजवाच मोडला होता ना?"

"व्हय."

"इथं कधीच काही मोडलेलं नाही. आणि हा छत्तीस वर्षांचाही नाही. डोळे बघा, सांधे बघा. पंधराच्या पुढचा तर नक्कीच नाही. याला उडता येत नाही ते उजव्या पंखाची पिसं कापलीयत म्हणून. कोण कापतं?"

"मी," शालन म्हणाली. "दर तीन महिन्यांनी. ह्यांनी शिकवलं. मोडक्या पंखावर पिसांचं वजन नको म्हणून."

"कधीपासून कापताय?"

शालनने तोंड उघडलं आणि उत्तर ओठांवर येण्याआधीच तिला सगळं कळलं.

निपाणीहून परत आल्यापासून.

तेरा वर्षांपूर्वी तिची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि शालन चार महिने माहेरी राहिली. परत आली तेव्हा परसू निम्मा झाला होता. हॉटेलचं खाऊन असं झालं, म्हणाला. आणि दिवाणजी तिच्या हातावर येईना. आला तर रक्त निघेपर्यंत चावायचा. चोच हलवायचंही विसरला होता. "रुसलंय त्ये तुझ्यावर," परसू म्हणाला होता. "चार महिनं टाकून गेलीस नव्हं? जनावराला कळतंय सगळं." आणि रोज पहाटे उठून तो पिंजऱ्यापुढे बसायचा, रिकाम्या तोंडाने सुपारी चघळत, महिनाभर, दोन महिने, दिवाणजीला पुन्हा शिकवत.

पुन्हा कुठलं, पहिल्यांदाच. ते पाखरू तिच्यावर रुसलं नव्हतं. त्याने तिला आयुष्यात पाहिलंच नव्हतं. आणि ती वेडी त्याच्यापुढे कान पकडून उभी राहायची, मिरच्या धरून विनवायची, चुकले रे बाबा, आता नाही जाणार कुठं टाकून. नाहीच गेली. पुढच्या वर्षी आईचं जास्त झाल्याचा निरोप आला, तेव्हा ती दोन दिवस घुटमळत राहिली, जाऊ की नको, पुन्हा रुसला तर, आत्ता कुठं बोलायला लागलाय. तिसऱ्या दिवशी आई गेल्याचा फोन आला.

ज्या बाईने रंगाची वाटी हातात धरली होती तिच्याच घरात तोच खेळ झाला आणि तिला दिसला नाही. दिग्दर्शकाला हसलेली ती. खरा दिवाणजी कधी मेला, कशाने मेला, परसूने त्याला कुठे पुरला, काही म्हणजे काही तिला माहीत नव्हतं. माणूस एकटाच रडला असेल. त्याने हे का केलं तेही तिला समजत होतं. तिच्या आवाजाचं माणसांत कुठे नाव नव्हतं, होतं ते या पाखराच्या चोचीत, आणि ती चोच तिच्यासाठी बंद होऊ नये म्हणून त्याने हा घाट घातला होता. तिला त्याची माया कळली आणि त्याच दमात त्याचा असा संताप आला, की तो समोर असता तर तिने त्याला हाताला येईल ते फेकून मारलं असतं. माया होती तर सांगायचं होतंस की रे. आईचं तोंड बघितलं असतं मी.

"काकू?" वेदिकाने दार लोटून घेतलं. बाहेरच्या दोघांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "हे बघा, लहानपणी जुळलेलं हाड कधी कधी फोटोत नीट दिसत नाही. असं होऊ शकतं. वयही पक्कं सांगता येत नाही. मी तसं लिहू शकते. खोटं नाही म्हणता येणार कुणाला. तुमच्याकडेच राहील हा."

शालनने टेबलाकडे बघितलं. टॉवेलमध्ये गुंडाळलेला पोपट अजून अर्धवट गुंगीत होता. डोळे मिटत होता, उघडत होता. शालन दिसताच त्याची चोच हलू लागली, सवयीने, अगदी शिकवल्याप्रमाणे. शालनच्या गळ्यात तो आवाज आपसूक वर आला. बेळगावी, ठसक्याचा. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आज संध्याकाळी तो पुन्हा व्हरांड्यात असता आणि चंद्राबाईच्या शेवंतीवर मिरचीची सालं पडली असती. घर पुन्हा बोललं असतं.

तिने आवाज गिळला. पोपट चोच हलवत राहिला, आणि मग थांबला.

"उडंल का हा?" तिने विचारलं.

"पिसं कापली नाहीत तर सहा-आठ महिन्यांत येतील. आधी मोठ्या जाळीच्या खोलीत ठेवतात, तिथं सराव होतो. तरुण आहे. उडेल."

"मग लिहा, हाड मोडल्यालं न्हाई. वय लिहा खरं हाय ते."

"नक्की ना, काकू?"

"नक्की कशाचं गं?" शालनचा आवाज फाटला. "नक्की न्हाई. मला हा पायजे. घरी जाऊन मी काय करू मला ठाऊक न्हाई. पर तुम्ही लिहा बाई लौकर, न्हाईतर माझं मन बदलंल."

वेदिकाने लिहिलं. पद्मनाभ आत आला, त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि शालनकडे असं बघितलं की तिलाच त्याला समजवावं लागलं. अश्लेषा दारात उभी होती. तिला अर्धं कळलं होतं, अर्धं नाही. "म्हणजे आजी, आजोबांनी तुलापण...?" तिने विचारलं, आणि शालनने मान डोलावली.

पद्मनाभने पिशवीतून ताब्याचा फॉर्म काढला आणि टेबलाच्या कडेला बसून भरायला लागला. जात, लिंग, वय, कुठून घेतला. शालन एकेक उत्तर देत होती. मध्येच तिने टॉवेल थोडा सैल केला, आणि उजव्या पंखावरची कापलेली पिसं बोटाने सरळ केली. तिच्याच कात्रीची ती कड होती. पोपटाने तिचं बोट चोचीत धरलं, पण चावला नाही.

"नावाचा रकाना आहे, अम्मा," पद्मनाभ म्हणाला. "दिवाणजीच लिहितो."

"न्हाई."

त्याने वर बघितलं.

"दिवाणजी मेला. तेरा वर्षं झाली," शालन म्हणाली. तो मेल्याचं ती पहिल्यांदाच बोलत होती, आणि मोठ्याने बोलल्यावर ते खरं झालं. "ह्याचं नाव मला ठाऊक न्हाई."

"तेरा वर्षं तुमच्याच घरात होता ना?"

"होता की. रोज माझ्या हातनं खात होता. पर तू कोण म्हणून ह्याला कुणी इचारलंच न्हाई, अण्णा. कामाला लावला त्याला आम्ही, आल्या दिवसापासनं."

पद्मनाभने नावाचा रकाना तसाच मोकळा सोडला आणि सहीसाठी कागद तिच्यापुढे सरकवला.